थॉर कसा लिहिला, हे त्या लंगड्या डॉक्टरला विचारा

प्रश्न असा आहे: थॉर या जुन्या नॉर्स देवावरची मार्व्हल या अमेरिकन कंपनीची कॉमिक्स साठ वर्षांहून जास्त काळ निघत आहेत आणि लेखक बदलला की थॉरही बदलतो. मग खरा थॉर कोणाचा मानायचा? कोणता लेखक चांगला, हे ओळखायचं कसं? आणि वाचायला सुरुवात कुठून करायची?

मी बावीस वर्षं चित्रकथांच्या संहिता लिहितो आहे, बहुतेक मुलांच्या मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी. त्यातली सहा वर्षं दुसऱ्याने जन्माला घातलेलं पात्र मी सांभाळलं. चालत्या गाडीत मध्येच चढून थेट चालकाच्या जागी बसायचं म्हणजे काय, याचा मला अनुभव आहे. त्या अनुभवावरून सांगतो. थॉरचा लेखक जोखायचा असेल तर त्याच्या लढाया किती मोठ्या आहेत हे बघू नका. या देवाला पहिल्याच दिवशी एक माणूस चिकटवलेला होता. त्या माणसाचं लेखकाने काय केलं, ते बघा.

ऑगस्ट १९६२ची तारीख असलेला 'जर्नी इंटू मिस्ट्री'चा ८३वा अंक. कथानक स्टॅन लीचं, संवाद त्याचा धाकटा भाऊ लॅरी लीबरचे, चित्रं जॅक कर्बीची. डोनाल्ड ब्लेक नावाचा पायाने अधू अमेरिकन डॉक्टर नॉर्वेला जातो. शनीवरून आलेले दगडी राक्षस पाहून पळतो, पळताना काठी हरवते आणि तो गुहेत अडकतो. तिथे त्याला एक जुनी काठी सापडते. तिने शिळा हलत नाही, म्हणून वैतागून तो ती खडकावर आपटतो. काठीचा हातोडा होतो आणि डॉक्टरचा थॉर. हातोड्यावर कोरलेलं असतं: हा हातोडा जो धरील, तो लायक असेल तर, त्याला थॉरची शक्ती मिळेल. शिवाय एक नियम असतो. हातोडा हातातून सुटून साठ सेकंद उलटले की देव संपला, पुन्हा तोच लंगडा डॉक्टर.

यातलं काहीही मूळ नॉर्स, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपच्या, साहित्यात नाही. तेराव्या शतकातल्या आइसलँडमध्ये स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेला थॉर खादाड, तापट आणि कमालीचा सरळ आहे; जुन्या गाथांत त्याला लाल दाढीही आहे. एका जुन्या कवितेत तर चोरीला गेलेला हातोडा परत मिळवायला तो नवरीचा वेष घेऊन राक्षसाच्या मांडवात जाऊन बसतो. तिथे त्याच्या लायकीचा प्रश्न कोणी विचारत नाही. हातोडा त्याचा आहे, बस्स. कपटी लोकीही तिथे त्याचा भाऊ नाही, थॉरचा बाप ओडिन याच्याशी रक्ताची शपथ घेतलेला सोबती आहे. कॉमिक्सने लोकीला दत्तक भाऊ केलं, थॉरला सोनेरी केसांचा आणि गुळगुळीत हनुवटीचा केला, हातोड्याला अट घातली आणि देवाच्या आत एक अधू माणूस बसवला. शेवटचे दोन बदल सगळ्यात मोलाचे. पुढच्या प्रत्येक लेखकाची खरी झटापट या दोनांशीच आहे.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात मार्व्हलमध्ये पूर्ण संहिता लिहून चित्रकाराला देण्याची पद्धत फारशी नव्हती. तोंडी किंवा पानभर कथानक ठरायचं, चित्रकार सगळी पानं रेखाटून आणायचा, चौकटींची मांडणी आणि प्रसंगांचा वेग तोच ठरवायचा. मग त्यावर संवादांचे फुगे बसायचे. म्हणून साठच्या दशकातल्या थॉरचा लेखक कोण, असं विचारलं तर मी आधी कर्बीचं नाव घेतो. पुराणांचा नाद त्यालाच होता. १९५७ साली दुसऱ्या कंपनीच्या एका छोट्या कथेत त्याने थॉरचा हातोडा काढलेला होता. 'टेल्स ऑफ अ‍ॅसगार्ड' ही पुरवणीकथा १९६३मध्ये सुरू झाली आणि देवांचं गाव असलेलं अ‍ॅसगार्ड हळूहळू मुख्य कथेला गिळत गेलं. १९६६मध्ये मासिकाचं नावच 'थॉर' झालं. विश्वाएवढे राक्षस आले, जिवंत ग्रह आला. पण या भव्यतेत डॉक्टरला जागा उरेना. ली आणि कर्बी यांनाही ते कळत असावं, कारण १९६८च्या शेवटी, १५९व्या अंकात, त्यांनी खुलासा केला की ब्लेक कधी खरा नव्हताच. उद्धट पोराला नम्रता शिकवायला ओडिनने तो घडवला होता.

हा खुलासा मला आजही टोचतो. कथेच्या दृष्टीने तो चोख आहे: गर्विष्ठ देवाला अधू शरीरात राहायला लावून माणुसकी शिकवणं, याहून चांगली शिक्षा कोणती? पण त्या एका फटक्यात सहा वर्षं वाचकांनी जीव लावलेला माणूस 'धडा' होऊन गेला. आणि त्याच सुमाराचा दुसरा हिशोबही ध्यानात ठेवा. ब्लेकच्या दवाखान्यातली परिचारिका जेन फॉस्टर हिला १९६७च्या १३६व्या अंकात ओडिन देवत्व देतो, एका भयंकर प्राण्यासमोर उभी करतो, ती घाबरते, आणि तो तिला नापास करून, सगळं विसरायला लावून पृथ्वीवर परत पाठवतो. त्याच अंकात थॉरच्या पुढ्यात सिफ ही योद्धा देवी उभी केली जाते. म्हणजे १९६२ साली या देवाला जी दोन माणसं दिली होती, ती दोन्ही साठचं दशक सरण्याआधी बाजूला सारली गेली. कर्बी १९७०मध्ये गेला. पुढची तेरा वर्षं मासिक नेटकं चाललं. काही काळ जॉन बुसेमाची चित्रं तर देखणी होती. पण ती माणसं नेमकी कशासाठी होती, हा प्रश्न कोणी उचलला नाही.

मग नोव्हेंबर १९८३, ३३७वा अंक, वॉल्टर सायमनसन.

मला सायमनसनचे अंक किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाले, तेही सुटे आणि क्रम सोडून. ३६२वा आधी हाती लागला आणि ३३७वा त्यानंतर चार वर्षांनी. आधीचं काही न वाचताही ३६२व्या अंकाने मला रस्त्यातच उभं केलं, हे मुद्दाम सांगतो, कारण मालिकेतल्या सुट्या अंकाने काय करायला हवं याचा वस्तुपाठ तोच आहे.

३३७मध्ये सायमनसनने काय केलं ते बघा. अंतराळातून येणारा, घोड्यासारख्या तोंडाचा एक परका योद्धा, बीटा रे बिल, थॉरशी लढतो. झटापटीत हातोडा सुटतो, साठ सेकंद उलटतात, थॉरचा ब्लेक होतो. पडलेली काठी बिल उचलतो, भिंतीवर आपटतो, आणि थॉरचा वेष त्या परक्याच्या अंगावर चढतो. मुखपृष्ठावर तो मासिकाच्या नावाचे तुकडे उडवतो आहे. कोरलेली अट एकवीस वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. 'जो धरील' म्हणजे कोणीही. सायमनसनने बाहेरून काही आणलं नाही, घरातली बंद खोली उघडली.

आणि तीन अंकांनी, ३४०मध्ये, त्याने ब्लेक संपवला. ओडिन बिलसाठी नवा हातोडा घडवून घेतो आणि रूपांतराची जादू थॉरच्या हातोड्यातून काढून त्या हातोड्यात घालतो, म्हणजे बिलला आपल्या मूळ शरीरात परतता येईल. ब्लेकला मारला नाही, त्याची जादू एका गरजूला दिली. मी स्वतः हाती आलेल्या मालिकेत याच्या नेमकं उलट केलं होतं. नायकाचा एक तोतरा मित्र होता, मला त्याचे संवाद लिहिणं कंटाळवाणं वाटायचं, म्हणून पहिल्याच कथेत मी त्याला मामाच्या गावी धाडला. आठ महिने मुलांची पत्रं येत राहिली: तो कुठे गेला? एका मुलाने लिहिलं होतं, मीपण तसाच बोलतो. पात्र काढून टाकायचं तर त्याच्या जागी काहीतरी द्यावं लागतं, हे मला त्या पत्राने शिकवलं. सायमनसनला ते आधीपासून ठाऊक होतं.

त्याने जागी काय दिलं? आतला माणूस काढला आणि माणूसपण सगळ्या अ‍ॅसगार्डभर वाटून टाकलं. फुशारक्या मारणारा लठ्ठ वोल्स्टॅग न्यूयॉर्कमधल्या दोन अनाथ मुलांना घरी नेतो. मरून परत आलेल्या बाल्डर या देवाला शस्त्र उचलवत नाही. आणि स्कर्ज. वर्षानुवर्षं हा 'एन्चँट्रेस' या मोहिनी घालणाऱ्या देवीच्या मागे कुऱ्हाड घेऊन फिरणारा दुय्यम खलनायक, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. ३६२व्या अंकात थॉर, बाल्डर आणि सोबती पाताळातून मर्त्यांचे आत्मे सोडवून परतत असतात. ग्यालरब्रू पुलावर कोणीतरी मागे थांबून पाताळाची राणी हेला हिचं सैन्य अडवायला हवं. थॉर थांबणार असतो. स्कर्ज त्याला मागून फटका मारून बेशुद्ध करतो, पृथ्वीवरून आणलेल्या बंदुका घेतो आणि एकटा उभा राहतो. त्याचं कारण साधं आहे: आपल्याला सगळे हसतात, ते त्याला माहीत आहे. तो ते एकदा बोलतो, रडगाणं गात नाही. नंतर थोड्या चौकटी आणि अगदी मोजके शब्द. बाजीप्रभूंची खिंड पाठ असलेल्या मराठी वाचकाला ते पान परकं वाटणारच नाही.

सायमनसनच्या बहुतेक अंकांत लेखक आणि चित्रकार एकच होता, यानेही फरक पडतो. पहिल्याच पानापासून विश्वाच्या टोकाला कोणीतरी एक पातं घडवतं आहे आणि घणाच्या प्रत्येक घावाला 'डूम' हा आवाज पानभर घुमतो. तो कोण, हे कळायला जवळजवळ वर्ष जातं. तो आवाज अक्षरलेखक जॉन वर्कमनच्या हातून उतरला आहे. त्या अक्षरांचं वजन चित्राइतकंच आहे. पुढे ३८०व्या अंकात, जगाला वेढणाऱ्या सर्पाशी लढताना, प्रत्येक पान म्हणजे एकच चौकट. त्या लढाईचा पाया एड्डा या जुन्या नॉर्स ग्रंथांतला आहे: तिथे थॉर सर्पाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि विषाने कोसळतो. ते नऊ पावलांचं भविष्य ठाऊक असलेला वाचक तो अंक श्वास रोखून वाचतो. १९८७मध्ये, ३८२व्या अंकावर, सायमनसन थांबला.

त्याच्यानंतर आलेल्या टॉम डीफॅल्को आणि रॉन फ्रेन्झ या जोडीला लोक कमी लेखतात, ते मला पटत नाही. त्यांनी माणूस परत आणला: एरिक मास्टरसन, वास्तुरचनाकार, घटस्फोटित, लहान मुलाचा बाप. जखमी एरिकला वाचवायला थॉर त्याच्याशी एकरूप होतो आणि काही काळाने एरिकच थॉर म्हणून वावरू लागतो. मुलाचा ताबा कोणाला मिळणार या काळजीत असलेला माणूस हातात वीज घेऊन फिरतो, ही कल्पना भाबडी असेल, पण तिच्यात जीव आहे. तिचं गद्य मात्र जड. 'हे मर्त्या, तुझा अंत समीप आला आहे' थाटाची पौराणिक नाटकाची भाषा सायमनसनच्या हाती धावायची, इथे ती पाय ओढते. थॉरच्या बोलीबद्दल एकच निकष सांगतो: मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर लेखकाला देवाचा आवाज सापडलेला नाही.

डॅन जर्गन्सने १९९८मध्ये जेक ओल्सन हा रुग्णवाहिकेवरचा सेवक दिला. सुरुवात ठीकठाक होती. त्याची खरी ताकद नंतर दिसते, जेव्हा थॉर त्या माणसापासून सुटतो, बापाच्या गादीवर बसतो आणि पृथ्वीचं भलं करता करता तिचा हुकूमशहा होतो. हातोडा आता त्याला उचलता येत नाही, त्याच्या मुलाला मात्र येतो. माणूस काढून घेतला तर उरतं ते काय, याचं इतकं सरळ उत्तर त्याआधी कोणी दिलं नव्हतं. २००४मध्ये मायकल एव्हन ओमिंगच्या सहा अंकी रॅग्नारोकने, म्हणजे देवांच्या अंताच्या कथेने, सगळं अ‍ॅसगार्ड संपवलं आणि मासिक बंद झालं.

तीन वर्षांनी जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीने ते सुरू केलं ते ब्लेकच्या हातून. पहिल्या अंकात शून्यात पडलेल्या थॉरला परत जगायला राजी करतो तो ब्लेक. हरवलेल्या डॉक्टरला देवाचा सल्लागार करणं मला फार भावलं. अ‍ॅसगार्ड ओक्लाहोमातल्या ब्रॉक्स्टन या खेड्याबाहेर, जमिनीच्या थोडं वर तरंगत उभं राहतं, आणि देवांना शेजारधर्म शिकावा लागतो. उपाहारगृहात स्वयंपाक करणारा बिल एका देवीच्या प्रेमात पडतो. ऑलिव्हिए क्वापेलच्या चित्रांतलं ते विस्तीर्ण, रिकामं माळरान बोलकं आहे. वेग मात्र संथ, आणि मालिका कंपनीच्या सामायिक महाकथानकात ओढली जाणार असं दिसल्यावर लेखक २००९मध्ये निघून गेला. लांब मालिकांचा हा जुना रोग आहे: आपलं शेत नांगरत असताना गावाची मिरवणूक त्यातून जाते. कीरन गिलनने अशाच मिरवणुकीच्या धुळीतून २०११मध्ये लहान मुलगा झालेल्या लोकीची कथा उभी केली. तो बदलू पाहतो आणि जग त्याला बदलू देत नाही. चोवीस अंक आहेत, शेवट मी सांगणार नाही.

२०१२ अखेर आला जेसन एरन, आणि सात वर्षं राहिला. त्याने लायकीचा प्रश्न सगळ्या देवांवर उलटवला. गॉर हा वैराण ग्रहावरचा माणूस. बायको गेली, मुलं गेली, प्रार्थनेला कोणी ओ दिली नाही. म्हणून तो देव मारत सुटतो. त्याच्यासमोर तीन थॉर उभे राहतात: इ. स. ८९३च्या आइसलँडमधला उर्मट पोरगा, आजचा, आणि काळाच्या शेवटी उरलेला एकाक्ष राजा. एसाद रिबिचची रंगचित्रासारखी पानं या कथेला शोभतात. गॉर हरतो, पण त्याचं म्हणणं थॉरच्या मनात सलत राहतं. २०१४मध्ये निक फ्युरी हा मुरलेला गुप्तहेर त्याच्या कानात काहीतरी पुटपुटतो आणि हातोडा चंद्रावर गळून पडतो. तो काय पुटपुटला, हे एरनने २०१७मध्ये उघड केलं: गॉरचंच खरं होतं.

मग तो हातोडा एक बाई उचलते. कोरलेल्या वाक्यातला 'तो' पुसला जाऊन 'ती' उमटते. ती कोण, हे २०१५मध्ये कळतं: जेन फॉस्टर, स्तनाच्या कर्करोगाने खंगलेली. ती थॉर झाली की जादू तिच्या अंगातलं विष काढून टाकते, आणि औषधही तिच्या लेखी विषच. म्हणजे प्रत्येक वेळी जग वाचवलं की उपचार वाया. ब्लेक देव झाला की पांगळेपणातून सुटायचा. जेन देव झाली की मरणाच्या एक पाऊल जवळ जाते. १९६२चं यंत्र तेच आहे, एरनने फक्त त्याची किंमत बदलली. जेनने हातोडा उचलला तर, ही कल्पनाही नवी नव्हती. १९७८च्या एका 'असं झालं असतं तर' अंकात ती येऊन गेली होती, पण तिथे तो एक खेळ होता. एरनला १९६७ची ती नापास झालेली परिचारिका आठवत होती. ७०५व्या अंकात तिच्यासमोर मँगॉग येतो, ली आणि कर्बीच्याच काळातला राक्षस. तिला ठाऊक असतं की आणखी एकदा हातोडा धरला तर परत येणं नाही. यावेळी ती घाबरत नाही, असं लिहिणं सोपं होतं. एरन आणि रसेल डॉटरमन तिची भीती दाखवतात आणि तिला तरीही जाऊ देतात. तो अंक मी वर्षातून एकदा काढून वाचतो.

त्याच्या कारकिर्दीत सैल भागही आहेत. दुष्ट तेलकंपनीचा मालक मला कायम सपाट वाटला आणि २०१९चं दहा जगांचं युद्ध फार पसरट. पण पाया पक्का असला की असे कोपरे चालून जातात.

डॉनी केट्स २०२०मध्ये आला, निक क्लाइनच्या तगड्या चित्रांसह. आवाज मोठा, कल्पना दणकट, धीर कमी. पण एक गोष्ट त्याने अशी केली की मी त्याला बाकी सगळं माफ करतो. थॉर बाहेर वावरत असताना ब्लेक कुठे असतो, हे त्याने विचारलं. उत्तर असं: एका बनावट सुखी गावात. ते गाव खोटं आहे हे कळल्यावर ब्लेक वेडा होतो आणि थॉरच्या आप्तांच्या शिकारीला निघतो. १९६८च्या त्या खुलाशाचं बिल बावन्न वर्षांनी फाडलं गेलं. पुढे या मालिकेची धुरा टोरुन ग्रोनबेककडे आली. ती मूळची नॉर्वेची. तिच्या बायका, विशेषतः जेन आणि सिफ, तिच्या हाती नीट बोलतात.

अल यूइंगचा 'इम्मॉर्टल थॉर' २०२३मध्ये सुरू झाला. त्याने एड्डा पुन्हा उघडून समोर ठेवल्या आणि उटगार्डचे जुने, देवांहूनही थोरले देव आणले. गोष्ट हेच देवांचं शरीर आहे, ती कोण सांगतं त्यावर देव ठरतो, हा त्याचा ध्यास आहे. काही अंकांत तो ध्यास कथेच्या डोक्यावर बसतो, पण माणूस हुशार आहे आणि मनापासून लिहितो. २०२५मध्ये त्याने 'मॉर्टल थॉर' सुरू केला: जगाला थॉर आठवतच नाही, आणि न्यूयॉर्कमध्ये सिगर्ड यार्लसन नावाचा मजूर आहे. ब्लेक संपल्यावर माणसांत वावरायला सायमनसनने थॉरला जे नाव घ्यायला लावलं होतं, तेच हे. बांधकामावरची मजुरीही तीच.

तेव्हा कुठून सुरू करायचं? ३३७पासून. मध्ये न थांबता ३८२पर्यंत जा, घाई असेल तर निदान ३६२पर्यंत. मग एरनचे गॉरचे पहिले अकरा अंक, मग जेनची सगळी कथा. त्यानंतर मागे वळून १९६२चा तो पहिला अंक वाचा. थॉरची कथा तेरा पानांची आहे, घाईत काढलेली. काठी आपटण्याआधीची चौकट नीट बघा: अंधारी गुहा, दमलेला डॉक्टर, हातात एक निरुपयोगी लाकूड.